फोटोत सगळे नुसते उभे आहेत! संस्थेच्या व्हिडिओकडे लोकांचं लक्ष का जात नाही?



आपल्या चॅनेलवर आपण एरवी किराणा दुकान, शिवणकाम, पोल्ट्री, घरगुती मसाले अशा व्यवसायांबद्दल बोलतो. पण गेल्या काही महिन्यांत एक वेगळाच प्रश्न वारंवार येतोय. विचारणारे दुकानदार नाहीत, छोट्या संस्थांची माणसं आहेत. कुणी पाड्यावर अभ्यासिका चालवतं, कुणी बचत गटांचं काम करतं, कुणी रोपवाटिका. त्यांचं म्हणणं असं: "सर, दुकानाच्या मार्केटिंगचं कळलं. पण आमच्याकडे विकायला काहीच नाही. मग आम्ही लोकांना दाखवायचं काय?"

प्रश्न चांगला आहे. या आठवड्याच्या व्हिडिओत मी थोडक्यात उत्तर दिलं होतं. तिथे वेळेत बसलं नाही ते सगळं इथे सविस्तर लिहितोय. उदाहरणं आपल्या डहाणू-तलासरीकडची घेतली आहेत, कारण शिकायला लांब जायची गरजच नाही.

आधी एक छोटी परीक्षा

मोबाईल हातात घ्या. तुमच्या संस्थेचे शेवटचे वीस फोटो काढा. आता मोजा: किती फोटोंत माणसं काहीतरी *करताना* दिसतात?

मी कार्यशाळेत हे करून घेतो तेव्हा सगळे आधी हसतात आणि मग गप्प होतात. कारण फोटो साधारण असे असतात: मागे बॅनर, पुढे रांगेत उभी माणसं. पाहुण्यांना शाल आणि नारळ. दोन माणसांनी एकच वही धरली आहे आणि दोघंही वहीकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघताहेत. मुलं ओळीत बसवलेली, प्रत्येकाच्या हातात नवी बॅग.

काम वर्षभर चालतं, पण फोटोत फक्त कार्यक्रम येतो. अनोळखी माणूस मोबाईलवर अंगठा सरकवत असतो. त्याला असा फोटो दिसला की तो म्हणतो, 'कुठलातरी कार्यक्रम दिसतोय', आणि पुढे जातो. त्याची चूक नाही. फोटोत थांबण्यासारखं काही घडतच नाहीये.

आपल्या भिंतीवर उत्तर आहे

आता वारली चित्र आठवा. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून काढले की झालं माणसाचं धड. चेहऱ्यावर नाक-डोळेही बहुतेक नसतात. रंग एक, साधनं साधी. तरी माणूस त्या चित्रासमोर थांबतो. का?

नीट बघा. त्या चित्रात जवळजवळ प्रत्येक जण काहीतरी करतोय. कुणी भात लावतंय, कुणी झाडावर चढलंय, कुणी पाणी आणतंय, कुणी जाळं टाकतंय, तारप्याभोवती फेर धरलाय. नुसतं उभं राहून तुमच्याकडे बघणारं कुणी सापडणं अवघड. तुमची नजर एका माणसावरून दुसऱ्यावर जाते आणि चित्र संपेपर्यंत तुम्ही तिथेच असता. व्हिडिओच्या भाषेत याला म्हणतात 'प्रेक्षक टिकला'.

लग्नाचा चौक सुवासिनी काढतात, मध्ये पालघाट देवी असते, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. ही घरातली, विधीची कला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले, त्यांनी इथल्या लोकांच्या हातात कागद दिला, आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांची चित्रं जगभर गेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. हे सगळं नाक-डोळे नसलेल्या माणसांच्या चित्रांनी करून दाखवलं.

आपला धडा एवढाच: घेणारा माणूस दाखवू नका, करणारा माणूस दाखवा.

माझी चूक, आणि ती मला कुणी दाखवली

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी एका छोट्या संस्थेसाठी मी देणगीचा व्हिडिओ केला. मला वाटलं, लक्ष वेधायचं तर डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. एका पाड्यावर सहा-सात वर्षांचा मुलगा होता. त्याचा शर्ट मी काढायला सांगितला, घराच्या पडक्या बाजूला उभं केलं, 'हसू नको' म्हणालो. मागे करुण संगीत टाकलं. व्हिडिओ बऱ्यापैकी बघितला गेला. थोडे पैसेही आले.

महिन्याभराने त्या पाड्यावर परत गेलो. गावातल्या कुणाच्या तरी मोबाईलवर तो व्हिडिओ पोचलेलाच होता. मुलाची आई भांडली नाही. शांतपणे म्हणाली, "भाऊ, त्याने शर्ट घातला होता ना? तुम्हीच काढायला लावलात. सकाळीच धुऊन घातला होता मी."

मला उत्तर सुचलं नाही. आजही नाही. तिने माणसं येणार म्हणून शर्ट धुतला होता आणि मी तो काढायला लावला होता. व्हिडिओ मी काढून टाकला, पण तो ज्यांनी पुढे पाठवला त्यांच्या मोबाईलमधून कसा काढणार?

पालघर म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर आधी कुपोषित मूल येतं. प्रश्न खरा आहे, नाकारायचा नाही. पण प्रत्येक संस्थेने तोच एक फोटो विकायचा ठरवला, तर इथल्या मुलांची ओळखच ती होऊन बसते. उद्या हीच मुलं उंबरगाव-वापीच्या कारखान्यात नाहीतर मुंबईच्या कॉलेजात जाणार आहेत. तिथे कुणी त्यांचा जुना व्हिडिओ काढून दाखवला तर? हा विचार कॅमेरा सुरू करायच्या आधी करायचा असतो.

मग आकडे दाखवायचे का?

काही जण लगेच दुसऱ्या टोकाला जातात. चेहरा नको, तर आकडे टाका: इतके पाडे, इतकी मुलं, इतके टक्के.

यावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे. अमेरिकेत डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोविक यांनी तो केला, २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. लोकांना एका प्रश्नावलीचे पाच डॉलर दिले आणि त्यातले हवे तेवढे दान करा म्हणून सांगितलं. काहींना आफ्रिकेतल्या भुकेचे आकडे वाचायला दिले. त्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले. काहींना मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या एका मुलीबद्दल सांगितलं. त्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले. गंमत तिसऱ्या गटात झाली. त्यांना रोकियाही दाखवली आणि आकडेही दिले. सरासरी घसरून १.४३ वर आली.

म्हणजे आकडे मदतीला येतील असं वाटत होतं, उलट त्यांनी हात आखडायला लावला. माणूस एका माणसाशी नातं जोडतो, लाखाशी नाही.

पण नीट ऐका. या प्रयोगातून 'एक चेहरा दाखवा' हे कळतं. 'तो चेहरा रडका असला पाहिजे' असं त्यातून सिद्ध होत नाही. आकडे तुमच्या अहवालात, वेबसाईटवर, सीएसआरच्या अर्जात जरूर द्या. तिथे ते लागतातच. साठ सेकंदांच्या व्हिडिओत एकच माणूस ठेवा.

महाराष्ट्रातलं मोठं उदाहरण: पाणी फाउंडेशन

करणारा माणूस दाखवून लोक जोडले जातात का? आपल्या राज्यात हे घडलेलं आहे. २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनने 'सत्यमेव जयते वॉटर कप' सुरू केला. पहिल्या वर्षी फक्त तीन तालुके: वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव. गावं ११६. पुढच्या वर्षी ३० तालुके, २०१८ मध्ये ७५.

विषय काय होता? दुष्काळ. दुष्काळाचं ठरलेलं चित्र आपल्याला पाठ आहे: भेगा पडलेली जमीन, कपाळावर हात ठेवून बसलेला म्हातारा शेतकरी. पण त्यांच्या कार्यक्रमांत आणि फिल्ममध्ये जास्त वेळ कोण दिसलं? कुदळ-फावडं घेतलेली बाई. पहाटे टेकडीवर चर खणणारं गाव. भांडण मिटवून एकत्र आलेले दोन गट. प्रशिक्षणासाठीही फिल्म वापरल्या, म्हणजे बघून झालं की तसंच करता येईल अशा. २०१७ मध्ये पहिला आला वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातला काकडदरा, एक छोटं आदिवासी गाव.

आणि मागणी बघा. २०१८ मध्ये शहरातल्या लोकांना 'जलमित्र' व्हा म्हणून बोलावलं: १ मे रोजी या आणि आमच्याबरोबर श्रमदान करा. तारीख एक, काम एक. बघणाऱ्याला कळलं की मी नेमकं काय करायचं.

तुम्ही म्हणाल, "सर, त्यांच्याकडे आमीर खान होता!" बरोबर आहे. मोठा चेहरा पहिली नजर मिळवून देतो. पण टेकडीवर पुन्हा पुन्हा लोक गेले ते शेजारचं गाव खणताना दिसलं म्हणून. डिजिटल ग्रीन या संस्थेचा अनुभवही असाच आहे. ते शेतकऱ्यांचे व्हिडिओ शेतकऱ्यांनाच दाखवतात. बघणाऱ्यांचा पहिला प्रश्न शेतीचा नसतो. ते विचारतात, 'हा माणूस कोण? कुठल्या गावचा?' आपल्यासारखाच माणूस दिसला की विश्वास बसतो. तिथे नटाची गरज नाही.

आता प्रत्यक्ष करू: साठ सेकंदांचा व्हिडिओ

समजा, वेवजीच्या एखाद्या पाड्यावर संध्याकाळची अभ्यासिका चालते आणि तिला सौरदिवे हवे आहेत. (उदाहरण कल्पित आहे, तुमचं काम त्यात बसवा.)

*नेहमीचा व्हिडिओ:* पहिले वीस सेकंद फिरणारा लोगो. मग अध्यक्षांचं मनोगत. मग ओळीत बसलेली मुलं. शेवटी 'सढळ हस्ते मदत करा'.

*आता असा करून बघा:*

१. ० ते ३ सेकंद. थेट काम. एक मुलगी वही घेऊन ओटीवर दाराबाहेर सरकते, कारण उजेड तिकडे आहे. लोगो नाही, नमस्कार नाही, संगीत नाही. बघणारा विचारतो, 'ही सरकतेय का?' हा प्रश्नच त्याला थांबवतो.

२. ३ ते १५ सेकंद. तिचा स्वतःचा आवाज. 'मी गरीब आहे' असलं काही तिच्याकडून म्हणवून घेऊ नका. ती काय सोडवतेय ते सांगू द्या: "हे गणित अडलंय. अंधार पडायच्या आत करायचंय."

३. १५ ते ३५ सेकंद. अभ्यासिकेच्या ताई दिवा घेऊन येतात. दिवा टांगला जातो. मुलं गोळा होतात. एक मोठा मुलगा लहान्याला शिकवतोय. कुणीही कॅमेऱ्याकडे बघत नाही.

४. ३५ ते ५० सेकंद. अडचण, एका वाक्यात. "दिवे चार आहेत, मुलं छत्तीस." इथे एवढाच आकडा चालतो, कारण तो डोळ्यांसमोर दिसतोय.

५. ५० ते ६० सेकंद. एकच मागणी. एका दिव्याची किंमत (दुकानदाराकडून लेखी दरपत्रक घ्या, अंदाजे आकडा टाकू नका), क्यूआर कोड, संस्थेचं नाव. संपलं.

कॅमेरा महाग लागत नाही

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, नंतर काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नव्हती, म्हणून शाळा मुलांच्या अंगणात नेली. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. शिकवायला साधनं कसली? दगड, शिंपले, पानं, बिया. जिथे माणसं आहेत तिथे जायचं आणि हाताशी आहे त्यातून काम करायचं. व्हिडिओलाही हेच लागू.

- उजेड: रात्रीचा सीन रात्री काढू नका, फोनमध्ये नुसते ठिपके येतात. सूर्य मावळल्यावर लगेच, थोडा उजेड शिल्लक असताना काढा. अंधार पुरेसा दिसतो, चेहराही दिसतो.
- आवाज: चित्र थोडं हललं तर लोक चालवून घेतात, आवाज कळला नाही तर निघून जातात. साध्या वायरच्या इअरफोनचा माईक बोलणाऱ्याच्या जवळ ठेवा. पावसाळ्यात पत्र्याखाली रेकॉर्डिंग टाळा.
- आडवा की उभा: व्हॉट्सॲप स्टेटस, रील आणि शॉर्ट्ससाठी उभा. सभेत पडद्यावर दाखवायचा असेल तर आडवा. दोन्ही हवे असतील तर दोनदा शूट करा, एकाचा कापून दुसरा करू नका.
- भाषा: मुलगी घरी बोलते त्याच बोलीत बोलू द्या आणि खाली मराठी अक्षरं द्या. वेवजी सीमेवरचं गाव आहे, पलीकडे उंबरगाव-वापीचे कारखानदार मराठी वाचतीलच असं नाही. त्यांच्यासाठी तोच व्हिडिओ गुजराती अक्षरांत करा. बरेच जण आवाज बंद ठेवूनच बघतात, त्यामुळे अक्षरं हवीतच.
- वारली चित्रं वापरायची असतील तर: इंटरनेटवरून उचलू नका. इथे चित्रकार आहेत. त्यांना काम द्या, पैसे द्या, नाव द्या. आदिवासींसाठी काम करायचं आणि त्यांचंच चित्र फुकट घ्यायचं, हे शोभत नाही.

परवानगी: हा भाग गाळू नका

मोठ्या माणसाला विचारा. मुलांच्या बाबतीत आई-वडिलांना विचारा आणि मुलालाही विचारा. 'फोटो काढू का?' एवढंच विचारून भागत नाही. 'हा फोटो मुंबईला, परदेशात, कुणाच्याही मोबाईलवर दिसेल, चालेल का?' असं विचारा. तयार व्हिडिओ आधी त्या घरात दाखवा. ते 'नको' म्हणाले तर तो विषय तिथेच संपला.

कायदाही लक्षात ठेवा. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे, ज्या मुलांना काळजी आणि संरक्षणाची गरज आहे अशा मुलांची ओळख माध्यमांतून उघड करता येत नाही. नाव, शाळा, पत्ता, फोटो, काहीच नाही. अशा वेळी हात दाखवा, वही दाखवा, पाठमोरी आकृती दाखवा. वारली चित्रात नाक-डोळे नसतात, तरी माणूस कळतोच ना?

माझी एक साधी कसोटी आहे. त्या आईने धुतलेल्या शर्टानंतर मी ती कधी सोडली नाही: हा व्हिडिओ त्याच पाड्यावर, सगळ्यांसमोर, मोठ्या पडद्यावर लावता येईल का? लाज वाटणार असेल, तर तो कुठेच लावू नका.

लक्ष मिळालं, पुढे काय?

लक्ष वेधलं आणि पुढची सोय नसेल तर मेहनत वाया. एवढं तयार ठेवा:

- पैसे संस्थेच्या खात्यातच. कार्यकर्त्याच्या वैयक्तिक यूपीआयवर घेऊ नका, माणूस कितीही विश्वासू असो.
- ८०जी नोंदणी असेल तर तसं स्पष्ट लिहा. देणगीदाराला ही सवलत जुन्या करपद्धतीत मिळते, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही.
- परदेशी नागरिकांकडून पैसे घ्यायचे तर एफसीआरए नोंदणी लागते. ती नसेल तर नम्रपणे नाही म्हणा.
- दिवा आला की दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठवा: दिवा लागला, गणित सुटलं. आभाराचं भाषण नको. पुढच्या वर्षीची देणगी याच दहा सेकंदांतून येते.

आणि यूट्यूब स्टुडिओमध्ये जाऊन बघा, लोक कुठल्या सेकंदाला निघून जाताहेत. आलेख जिथे एकदम खाली येतो, तिथे बहुतेक वेळा कुणीतरी भाषण सुरू केलेलं असतं!

या आठवड्याचा गृहपाठ

नवीन काही शूट करू नका. सुरुवातीला काढलेले तेच वीस फोटो घ्या आणि त्यातला *एक* निवडा, ज्यात कुणीतरी खरोखर काम करतंय. सापडला नाही, तर उद्या कामावर जाताना फोन खिशात ठेवा. कार्यक्रमाच्या दिवशी नाही, साध्या मंगळवारी. माणसं कामात रमली की एकच फोटो काढा, परवानगी घ्या, आणि त्याखाली एकच ओळ लिहा: कोण, काय करतंय, कशासाठी.

मग तो फोटो आधी त्याच माणसाला दाखवा. तो बघून त्याचा चेहरा खुलला, तर समजा जमलं.

चला तर मग, कामाला लागा. पुढच्या व्हिडिओत भेटू.